वेब सर्व्हिस डिप्लॉय करताना इनपुट-आउटपुट पॅरामीटर कुठे बिघडतात

लॅपटॉपवर नीट चालणारी सर्व्हिस डिप्लॉय झाल्यावर, म्हणजे खऱ्या सर्व्हरवर चढवल्यावर, पॅरामीटरवरून (आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या व्हॅल्यूंवरून) कुरकुरायला लागली, तर बहुतेक वेळा कोड जसाच्या तसाच असतो. बदललेली असते ती वाट. लोकल मशीनवर रिक्वेस्ट थेट तुमच्या फंक्शनपर्यंत पोचते. सर्व्हरवर ती लोड बॅलन्सर (भार वाटणारा), गेटवे (प्रवेशद्वार), रिव्हर्स प्रॉक्सी (रिक्वेस्ट पुढे सरकवणारा मधला सर्व्हर) आणि फ्रेमवर्कचा पार्सर (मजकूर उलगडणारा भाग) अशा चार-पाच हातांतून जाते, आणि यातला प्रत्येक जण आपापल्या डिफॉल्टनुसार काहीतरी गाळतो, बदलतो किंवा नाकारतो. त्यामुळे पॅरामीटर ठरवणं म्हणजे फंक्शनचे आर्ग्युमेंट लिहिणं एवढंच काम नाही. ते आर्ग्युमेंट या सगळ्या वाटेतून धड कसं येईल, हेही ठरवावं लागतं.

आधी एक वाटणी करून टाका. प्रत्येक रिक्वेस्टबरोबर बदलणारी गोष्ट इनपुट पॅरामीटरमध्ये जाते. डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड, टाइमआउट, पेजची कमाल साइझ अशा सर्व्हरनुसार बदलणाऱ्या गोष्टी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडबाहेर सर्व्हरवर ठेवलेल्या सेटिंगमध्ये, जातात. ही सरमिसळ झाली की 'टेस्ट मोड चालू' असा पॅरामीटर प्रॉडक्शनच्या यूआरएलमधून कुणीही पाठवू शकतं.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून येणारी प्रत्येक व्हॅल्यू स्ट्रिंग (नुसता मजकूर) असते, हे डोक्यात पक्कं बसवा. 'फॉल्स' असं लिहिलेली स्ट्रिंग पायथनच्या बूल फंक्शनला दिली तर उत्तर 'ट्रू' येतं, कारण रिकामी नसलेली कोणतीही स्ट्रिंग तिथे खरीच मानली जाते. जावास्क्रिप्टमध्येही तोच प्रकार. कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीसच्या यामल (सेटिंगच्या) फाइलमध्ये एन्व्हायर्नमेंटची व्हॅल्यू म्हणून ८०८० हा आकडा अवतरण चिन्हांशिवाय लिहिला तर फाइल लागूच होत नाही, कारण तिथे स्ट्रिंगच लागते. कॉन्फिगमॅपमधून (कुबरनेटीसच्या सेटिंगच्या साठ्यातून) एन्व्हायर्नमेंटमध्ये आलेली व्हॅल्यू पॉड (चालत्या कंटेनरचा गट) रीस्टार्ट केल्याशिवाय बदलत नाही. तोच कॉन्फिगमॅप फाइल म्हणून माउंट केला असेल तर थोड्या वेळाने बदल आपोआप दिसतो, पण सबपाथ (आतला एखादाच भाग जोडण्याची सोय) वापरून माउंट केला असेल तर तेव्हाही नाही. पासवर्डचं बेस६४ (बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याचं रूप) हातानं तयार करताना 'एको' कमांड शेवटी नवी ओळ जोडते. ती ओळ पासवर्डचा भाग होते आणि मग 'पासवर्ड तर बरोबर आहे, मग लॉगिन का होत नाही' यात अर्धा दिवस जातो. एकोला डॅश-एन द्या किंवा प्रिंटएफ वापरा.

पाथ, क्वेरी, हेडर की बॉडी

वस्तू कोणती ते पाथ, म्हणजे यूआरएलमधला '?'च्या आधीचा भाग, सांगतो. ती कशी हवी, म्हणजे फिल्टर, क्रम, पान, ते क्वेरी स्ट्रिंग ('?'च्या नंतरचा भाग) सांगते. ओळख आणि ट्रेसिंग (रिक्वेस्टचा माग) हेडरमध्ये (रिक्वेस्टला जोडलेल्या माहितीच्या ओळींत), बाकी सगळं बॉडीत (मुख्य मजकुरात). टोकन, पासवर्ड, फोन नंबर यूआरएलमध्ये ठेवू नका. एचटीटीपीएस असलं तरी ते उलगडणाऱ्या वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमध्ये पूर्ण यूआरएल उतरू शकते. 'गेट' (माहिती मागणाऱ्या) रिक्वेस्टला बॉडी जोडायचा मोह होतो, विशेषतः फिल्टर लांबलचक असले की. एचटीटीपीच्या नियमांत त्या बॉडीला ठरलेला अर्थ नाही, वाटेतला एखादा सर्व्हर ती टाकून देतो किंवा रिक्वेस्टच नाकारतो. शोधाचे निकष मोठे असतील तर सरळ 'पोस्ट' (माहिती पाठवणारी रिक्वेस्ट) वापरा. शुद्धतेचा आग्रह धरणारे नाक मुरडतील, त्यांना मुरडू द्या.

पाथमधला नेहमीचा घोळ स्लॅशचा. वस्तूच्या कोडमध्येच स्लॅश असेल, समजा '१२/अ' असा भाग क्रमांक, तर क्लायंट (सर्व्हिस वापरणारा प्रोग्राम) तो नियमाप्रमाणे एन्कोड करून (सांकेतिक रूपात बदलून) पाठवतो. तरीही टॉमकॅट हा सर्व्हर एन्कोड केलेला स्लॅश डिफॉल्टने ४०० ('चुकीची रिक्वेस्ट') देऊन नाकारतो, अपाचे सर्व्हर ४०४ ('सापडलं नाही') देतो, आणि एंजिनएक्स सर्व्हरमध्ये 'प्रॉक्सी पास' या रिक्वेस्ट पुढे पाठवणाऱ्या सेटिंगच्या पत्त्यापुढे पाथ लिहिला असेल तर तो यूआरएल आधी डीकोड करून नव्याने जोडतो. या तिन्ही ठिकाणी सेटिंग बदलून काम भागवता येतं, पण उद्या वाटेत चौथा सर्व्हर आला की पुन्हा तेच. अशी व्हॅल्यू क्वेरीत घ्या, भानगड संपते.

क्वेरीत घात करतं ते अधिकचं चिन्ह. फॉर्मच्या एन्कोडिंगमध्ये '+' म्हणजे स्पेस. त्यामुळे '२०२५-०३-०१टी१०:००:००+०५:३०' अशी वेळ एन्कोड न करता पाठवली तर सर्व्हरला मधे '+'च्या जागी मोकळी जागा दिसते आणि तारीख पार्स होत नाही. लोकलला तुम्ही शेवटी झेड लावून यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळेवर चाचणी केलेली असते, म्हणून तिथे काही कळत नाही.

एकच नाव दोनदा आलं तर काय करायचं, हेही ठरवून लिहून ठेवा. पीएचपी शेवटची व्हॅल्यू धरतो, पायथनच्या फ्लास्कचं साधं 'गेट' फंक्शन पहिली देतं आणि जावास्क्रिप्टचा एक्सप्रेस दोन्हींचा ॲरे (यादी) करून हातात ठेवतो. जावाच्या स्प्रिंगमध्ये स्ट्रिंगची लिस्ट मागितली आणि एकाच व्हॅल्यूत स्वल्पविराम असला, तर तिचे दोन तुकडे होतात. आडनाव-स्वल्पविराम-नाव अशा मजकुराचं त्यात वाटोळं होतं. ओपनएपीआयमध्ये, म्हणजे सर्व्हिसचं वर्णन लिहिण्याच्या प्रमाण रूपात, ॲरे क्वेरीचं डिफॉल्ट म्हणजे नाव पुन्हा पुन्हा लिहिणं. स्वल्पविरामांची यादी हवी असेल तर 'एक्सप्लोड' बंद करावं लागतं. डॉक्युमेंटात एक आणि कोडमध्ये दुसरं असं इथे सर्रास आढळतं.

हेडरच्या नावात अंडरस्कोर वापरू नका. एंजिनएक्स असे हेडर डिफॉल्टने चुपचाप गाळतो. एररही नाही, डिफॉल्ट पातळीच्या लॉगमध्ये ओळही नाही. 'ग्राहक_क्रमांक' या धाटणीचा हेडर लोकलला येतो, सर्व्हरवर येत नाही, आणि खापर ऑथेंटिकेशनवर फुटतं. नावात डॅश वापरा. शिवाय एचटीटीपी २ मध्ये सगळी हेडर नावं लहान लिपीत जातात, तेव्हा डिक्शनरीत मोठ्या अक्षराचं नाव हुबेहूब शोधणारा कोड तिथे आपटतो.

नाही, नल आणि रिकामं

माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इथे. एखादं फील्ड आलंच नाही, नल (मुद्दाम 'काही नाही') आलं, किंवा रिकामी स्ट्रिंग आली या तीन वेगळ्या अवस्था आहेत आणि प्रत्येक फील्डसाठी तिन्हींचं उत्तर डिप्लॉय करण्याआधी ठरलेलं हवं. बदल करणाऱ्या 'पॅच' कॉलमध्ये तर अख्खा अर्थच त्यावर उभा आहे. आरएफसी ७३९६ या इंटरनेट-नियमांच्या दस्तऐवजातल्या मर्ज पॅचनुसार फील्ड नसेल तर जुनी व्हॅल्यू तशीच ठेवायची, आणि नल असेल तर ती काढून टाकायची. तुमच्या भाषेच्या लायब्ररीने दोन्ही एकाच नलमध्ये कोंबले, तर ज्याने फक्त फोन नंबर बदलला त्याचा ईमेल उडतो.

आणि लायब्ररी हे करतात. जावात जेसन (डेटा मजकुरात लिहिण्याचं रूप) वाचायला जॅक्सन लायब्ररी वापरताना फील्ड साधं 'इंट' असेल आणि जेसनमध्ये ते नसेल, तर तिथे शून्य येतं. सवलत शून्य टक्के की सवलत सांगितलीच नाही, हे मग कळायला मार्ग नाही. रॅपर प्रकार 'इंटिजर' वापरा म्हणजे निदान नल मिळेल. गो भाषेत उलट बाजूने तेच होतं. 'ओमिटएम्प्टी' लावलेलं फील्ड शून्य किंवा फॉल्स असलं की आउटपुटमधून गायबच होतं, आणि समोरचा विचारतो की 'शिल्लक' हे फील्ड कधी येतं, कधी येत नाही, असं का? पॉइंटर (व्हॅल्यूऐवजी तिचा पत्ता) वापरणं हा त्यावरचा जुना, खात्रीचा उपाय.

पायथनमध्ये पायडँटिक या इनपुट तपासणाऱ्या लायब्ररीच्या पहिल्या आवृत्तीत 'ऑप्शनल' लिहिलं की फील्ड आपोआप ऐच्छिक व्हायचं. २०२३ साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत तसं नाही. डिफॉल्ट दिला नाही तर फील्ड सक्तीचं, फक्त नल चालतो एवढंच. लायब्ररी अपग्रेड करून डिप्लॉय केल्यावर अचानक ४२२चा ('इनपुट चुकीचं') पाऊस पडतो तो यामुळे.

ओपनएपीआयची फाइल लिहिताना आवृत्तीकडे बघा. ३.० मध्ये नल चालत असेल तर 'नलेबल' लिहायचं. २०२१ मध्ये आलेल्या ३.१ मध्ये तो शब्दच काढून टाकला आहे, तिथे प्रकारांच्या यादीत नल लिहावा लागतो. ३.१ च्या फाइलमध्ये जुनं 'नलेबल' राहिलं तर बरीचशी टूल्स ते वाचतच नाहीत. दुसरी चूक 'रिक्वायर्ड'ची: बॉडीच्या स्कीमामध्ये (फील्डांच्या आखणीत) ती ऑब्जेक्टच्या पातळीवर नावांची यादी असते, फील्डच्या आत 'रिक्वायर्ड: ट्रू' लिहून काही होत नाही. क्वेरी पॅरामीटरला मात्र तसंच लिहायचं असतं, म्हणूनच गोंधळ होतो.

त्याच फाइलमधला 'डिफॉल्ट' म्हणजे नुसती माहिती. बहुतेक व्हॅलिडेटर (तपासणारी टूल्स) तो भरून देत नाहीत, भरायचं काम तुमच्या कोडचं. 'फॉरमॅट: ईमेल' हेही पुष्कळ ठिकाणी तपासलं जात नाही. आणि 'पॅटर्न' दोन्ही टोकांना बांधलेला नसतो: सहा अंक असा पॅटर्न लिहिलात तर 'अबक१२३४५६७८' सुद्धा पास होतं, कारण आत कुठेतरी सहा अंक सापडतात. सुरुवातीची आणि शेवटची खूण स्वतः लावा. एक्सएमएल स्कीमात हे उलट आहे, तिथला पॅटर्न पूर्ण व्हॅल्यूलाच लागतो. एक्सएमएलवर चालणाऱ्या सोप सर्व्हिसवरून रेस्टवर (साध्या एचटीटीपी कॉलवर) येताना पॅटर्न नुसते उचलून आणले की तपासणी ढिली पडते. सोपमधून येणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं, की तिथे काही न लिहिता एलिमेंट सक्तीचा असतो आणि नल चालत नाही. ओपनएपीआयमध्ये काही न लिहिता फील्ड ऐच्छिक असतं.

आकडे, तारखा, अक्षरं

जेसनमध्ये आकडा कितीही मोठा लिहिता येतो, पण जावास्क्रिप्ट ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतचेच पूर्णांक अचूक धरतं. त्यापलीकडचा आयडी ब्राउझरमध्ये गेला की शेवटचे अंक बदलतात, आणि मग 'रेकॉर्ड सापडत नाही'. लोकलला आयडी १, २, ३ असे असल्याने हे दिसणं शक्यच नाही. ६४ बिटचे आयडी स्ट्रिंग म्हणून द्या. प्रोटोबफ या डेटा लिहिण्याच्या पद्धतीचं जेसन रूपही ६४ बिटचे पूर्णांक स्ट्रिंग म्हणूनच लिहितं, ते उगाच नाही.

पैसे फ्लोटमध्ये (संगणकाच्या अंदाजे दशांशात) पाठवू नका. एक तर दशांश स्ट्रिंग, नाहीतर सगळ्यात लहान एककातला पूर्णांक. पूर्णांक निवडलात तर चलनाचा कोडही सोबत हवा, कारण प्रत्येक चलनाला दोनच दशांश स्थळं नसतात: येनला एकही नाही, कुवेती दिनारला तीन.

तारखेसाठी आरएफसी ३३३९ चं रूप धरा आणि ऑफसेट (यूटीसीपासूनचा फरक) सक्तीचा ठेवा. जावास्क्रिप्टमध्ये नुसती तारीख दिली तर ती यूटीसी समजली जाते, आणि ऑफसेटशिवाय तारीख-वेळ दिली तर स्थानिक. ग्रिनिचच्या पश्चिमेकडच्या वापरणाऱ्याला मग जन्मतारीख एक दिवस अलीकडची दिसते. पायथन ३.११च्या आधीच्या आवृत्त्यांत 'फ्रॉम आयएसओ फॉरमॅट' शेवटचं झेड स्वीकारतच नव्हतं. लॅपटॉपवर नवी आवृत्ती आणि कंटेनरमध्ये जुनी, एवढ्यानेही इनपुट फुटतं. जन्मतारखेसारख्या गोष्टी मुळात वेळ नसलेल्या आहेत, त्या फक्त तारीख म्हणूनच घ्या. त्यांना मध्यरात्रीची वेळ चिकटवली की पुढचे घोळ आलेच.

मजकुराची कमाल लांबी लिहिताना ती कशात मोजायची ते ठरवा. जेसन स्कीमा युनिकोड कोड पॉइंट (क्रमांक दिलेली चिन्हं) मोजतो, ओरॅकल डेटाबेसचा व्हारचार२ हा मजकुराचा प्रकार डिफॉल्टने बाइट मोजतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं. 'दुसऱ्या' हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा, कोड पॉइंट सात, बाइट एकवीस. वीस लांबीच्या मर्यादेत तो स्कीमामध्ये बसतो आणि डेटाबेसवर आपटतो. त्यात 'ऱ' एका कोड पॉइंटनेही लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता असाही. दिसायला अगदी सारखे, जुळवून बघताना वेगळे. म्हणून मजकूर आत घेतानाच एनएफसी या युनिकोडच्या प्रमाण रूपात आणा, नाहीतर शोधात अर्धे निकाल येणार नाहीत. मायएसक्यूएलमध्ये कॉलम जुन्या तीन बाइटवाल्या 'यूटीएफ८' चा असेल तर देवनागरी सुखरूप साठते, पण एका इमोजीने १३६६ क्रमांकाची एरर येते. तिथे 'यूटीएफ८एमबी४' हवा.

मर्यादा आणि वेळ

बॉडीची साइझ किती चालेल याचं उत्तर वाटेतला सगळ्यात कंजूष सर्व्हर देतो. एंजिनएक्सचं डिफॉल्ट १ एमबी, एक्सप्रेसच्या जेसन पार्सरचं १०० केबी, स्प्रिंग बूटमध्ये अपलोड होणाऱ्या एका फाइलला १ एमबी. ॲमेझॉनच्या एपीआय गेटवेला १० एमबी चालतात, पण मागे लॅम्डा (ॲमेझॉनची फंक्शन चालवणारी सेवा) असेल तर तिची मर्यादा ६ एमबी. बायनरी फाइल बेस६४ होऊन साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे हातात राहतात सुमारे साडेचार. हे सगळे आकडे एका रांगेत लिहा, तुमच्या डॉक्युमेंटात सगळ्यात लहान आकडा जाहीर करा आणि तो तपासणारा सगळ्यात पहिला सर्व्हर तुमच्या ताब्यातला असू द्या. लांब क्वेरीचंही तसंच. एंजिनएक्समध्ये रिक्वेस्टची पहिली ओळ ८ केबीच्या बफरमध्ये मावली नाही की ४१४ ('यूआरएल फार लांब') मिळतो. पाचशे आयडी क्वेरीत पाठवणारा रिपोर्ट नेमका इथे अडतो.

ताब्यातला सर्व्हर का, तर प्रॉक्सीने नाकारलेल्या रिक्वेस्टचं उत्तर एचटीएमएलमध्ये येतं. क्लायंट जेसनची वाट बघत असतो, त्याला पहिलंच चिन्ह '<' दिसतं आणि लॉगमध्ये पार्सिंगची अगम्य एरर उमटते. खरा ४१३ ('बॉडी फार मोठी') त्याखाली गाडला जातो. ४१३, ४१४, ५०२ (मागचा सर्व्हर चुकला), ५०४ (त्याने वेळेत उत्तर दिलं नाही) या चारांसाठी तरी प्रॉक्सीवर जेसन एरर पेज लावून ठेवा.

टाइमआउट आतून बाहेर वाढत गेले पाहिजेत. डेटाबेसच्या क्वेरीला २० सेकंद असतील तर सर्व्हिसला २५, प्रॉक्सीला ३०, क्लायंटला ३५. उलटं झालं की प्रॉक्सी ५०४ देऊन मोकळा होतो आणि मागे क्वेरी चालूच राहते. क्लायंट पुन्हा प्रयत्न करतो, दुसरी क्वेरी सुरू होते, असं करत डेटाबेस कोलमडतो. एंजिनएक्सचा 'प्रॉक्सी रीड टाइमआउट' डिफॉल्टने ६० सेकंद असतो, पण तो दोन वाचनांमधल्या शांततेचा. थेंब थेंब डेटा येत राहिला तर तो कधीच लागत नाही. एपीआय गेटवेच्या रेस्ट प्रकारात मुळातली मर्यादा २९ सेकंद. काम त्याहून लांब चालणारं असेल तर टाइमआउट ताणत बसू नका. इनपुट घेऊन ताबडतोब २०२ ('स्वीकारलं') आणि कामाचा आयडी द्या, निकालासाठी वेगळा पत्ता ठेवा. आणि पुन्हा आलेल्या 'पोस्ट'ने दोनदा पैसे कापले जाऊ नयेत म्हणून क्लायंटकडून एक अद्वितीय की हेडरमध्ये घ्या. तीच की परत आली की काम न करता आधीचंच उत्तर द्या.

आउटपुट

इनपुटवर जेवढी मेहनत होते तिच्या निम्मीही आउटपुटवर होत नाही. डेटाबेसचं ऑब्जेक्ट जसंच्या तसं जेसन करून पाठवणं हे सोयीचं असतं आणि तिथेच पासवर्डचा हॅश, अंतर्गत शेरे, डिलीटची खूण सगळं बाहेर जातं. आउटपुटसाठी वेगळा क्लास करा, त्यात नावं घालूनच फील्ड बाहेर येऊ द्या. टेबलमध्ये उद्या नवा कॉलम आला तरी तो आपोआप जगासमोर येत नाही.

सापडलं काहीच नाही तर यादीच्या पत्त्यावर २०० ('ठीक') आणि रिकामा ॲरे द्या. ४०४ नको, नलही नको. एकच रेकॉर्ड आलं म्हणून ॲरेऐवजी ऑब्जेक्ट देणं हा प्रकार एक्सएमएलचं जेसन करणाऱ्या टूल्समध्ये हटकून होतो, तो थांबवा. २०४ दिलात तर बॉडी नसते, त्यामुळे जेसन वाचायला गेलेला क्लायंट एरर देतो. हे डॉक्युमेंटात स्पष्ट लिहा.

पायथनचं जेसन मॉड्यूल 'एनएएन' (आकडा नसलेली व्हॅल्यू) तसंच लिहून मोकळं होतं, आणि ते वैध जेसन नाही. जावास्क्रिप्टचा पार्सर अख्खं उत्तर नाकारतो, म्हणजे हजार ओळींतल्या एका रिकाम्या सरासरीपायी सगळंच जातं. लिहिताना 'अलाऊ एनएएन' बंद करा, म्हणजे चूक निदान तुमच्या बाजूला दिसेल, आणि ती व्हॅल्यू जाणीवपूर्वक नल करा.

एकूण संख्या हेडरमधून देत असाल तर ब्राउझरमधून तो हेडर वाचता येतो का ते बघा. दुसऱ्या डोमेनवरून आलेल्या कॉलला 'ॲक्सेस-कंट्रोल-एक्सपोज-हेडर्स' मध्ये नाव नसलेले तुमचे हेडर जावास्क्रिप्टला दिसत नाहीत. कर्ल या कमांडमध्ये दिसतात, डेव्हलपर टूल्सच्या नेटवर्क टॅबमध्येही दिसतात, कोडमध्ये मात्र नल. बॉडीत टाकणं जास्त सुरक्षित.

आउटपुट मोठं असेल तर गझिप (आकार दाबणं) चालू केल्याचं समाधान मानू नका. एंजिनएक्स डिफॉल्टने फक्त एचटीएमएल दाबतो, जेसनचा प्रकार 'गझिप टाइप्स'मध्ये लिहावा लागतो. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडणार असेल तर सुरुवातीला तीन बाइटचं बीओएम (एन्कोडिंग सांगणारी खूण) द्या, नाहीतर देवनागरीची अगम्य चिन्हं होतात. जेसनला मात्र बीओएम लावू नका, आरएफसी ८२५९ त्याला मनाई करतो.

एररचा आकार एकच ठेवा. त्यासाठी २०२३ चा आरएफसी ९४५७ आहे: प्रकार, शीर्षक, स्टेटस, तपशील. त्यात आपलं एक फील्ड जोडून कोणकोणत्या पॅरामीटरमध्ये काय चुकलं ते सगळं एकाच वेळी सांगा. एक चूक दुरुस्त केली की दुसरी कळते, अशी सर्व्हिस वापरणारा वैतागतो. स्टॅक ट्रेस (चुकीचा कोडमधला माग) बाहेर जाऊ देऊ नका, रिक्वेस्ट आयडी मात्र जरूर द्या.

मॉडेल डिप्लॉय करत असाल तर

मशीन लर्निंगच्या मॉडेलला इनपुट म्हणून आकड्यांची नुसती रांग घेऊ नका, नावांसकट घ्या आणि कॉलमचा क्रम सर्व्हिसमध्ये स्वतः लावा. वय आणि उत्पन्न यांची अदलाबदल झाली तर एरर येत नाही, फक्त उत्तर चुकीचं येतं. ट्रेनिंगच्या डेटावरून स्कीमा आपोआप तयार केला असेल तर ज्याचा अंदाज बांधायचा तो कॉलमही इनपुटमध्ये सक्तीचा होऊन बसतो, तो काढा. आउटपुटमध्ये नमपाय लायब्ररीचा फ्लोट३२ किंवा इंट६४ थेट जेसन होत नाही, साध्या पायथन प्रकारात बदलावा लागतो. फ्लोट६४ मात्र बदलल्याशिवायही जातो, त्यामुळे टेस्टमध्ये चाललं आणि मॉडेलचा प्रकार बदलल्यावर फुटलं असं होतं. लेबलबरोबर शक्यता आणि मॉडेलची आवृत्ती द्याच. महिन्याभराने कुणी 'हे उत्तर असं का आलं' विचारलं तर शोधायला तेवढाच आधार असतो.

बदल करताना

नवीन आवृत्ती चढत असताना काही मिनिटं जुने आणि नवे इन्स्टन्स (सर्व्हिसच्या चालत्या प्रती) एकत्र चालतात. अनोळखी फील्ड नाकारणारी कडक सर्व्हिस असेल आणि क्लायंटने नवं फील्ड आधीच पाठवायला सुरुवात केली, तर काही रिक्वेस्ट ४०० होतात, काही पास. फील्ड जोडताना आधी सर्व्हर, मग क्लायंट. काढताना आधी क्लायंट, मग सर्व्हर. जॅक्सनची दुसरी आवृत्ती मुळात अनोळखी फील्डवर एरर देते, स्प्रिंग बूट ते बंद करून ठेवतो, पायडँटिक दुर्लक्ष करतो. तुमच्याकडे काय चालू आहे ते गृहीत धरू नका, एक फालतू फील्ड पाठवून बघा. मी स्वतः बाहेरच्या क्लायंटसाठी अनोळखी फील्ड सोडून देण्याच्या बाजूचा आहे, पैशांच्या व्यवहारात मात्र कडक. तिथे स्पेलिंग चुकलेलं ऐच्छिक फील्ड गुपचूप गळणं महागात पडतं.

डिफॉल्ट बदलणं, ऐच्छिक फील्ड सक्तीचं करणं, कमाल मर्यादा खाली आणणं हे सगळे मोडणारे बदल आहेत, नाव तेच राहिलं तरी. आउटपुटच्या एनमला (ठरलेल्या व्हॅल्यूंच्या यादीला) नवी व्हॅल्यू जोडणंही त्यातच धरा, कारण स्कीमावरून तयार केलेले कडक क्लायंट ती ओळखत नाहीत.

डिप्लॉय झाल्यावर तपासणी सार्वजनिक पत्त्यावरून करा, पॉडच्या आत शिरून लोकलहोस्टवर नको. एवढे कॉल पुरेसे: सगळी फील्ड भरलेला, फक्त सक्तीची असलेला, एकेक ऐच्छिक फील्ड नल असलेला, '+' आणि देवनागरी दोन्ही असलेली क्वेरी, कमाल लांबीपेक्षा एक चिन्ह जास्त असलेला, साइझच्या मर्यादेच्या किंचित अलीकडचा आणि किंचित पलीकडचा, १६ अंकांपेक्षा मोठा आयडी, कंटेंट-टाइप चुकीचा असलेला, ज्याला ४१५ ('हा प्रकार चालत नाही') यायला हवा, आणि मुद्दाम टाइमआउटला जाणारा. प्रत्येकाचं स्टेटस आणि बॉडीचा प्रकार दोन्ही तपासा, कारण ४१३ बरोबर आला पण एचटीएमएलमध्ये आला, तर ती चाचणी नापासच. ही यादी स्क्रिप्ट करून पाइपलाइनमध्ये (आपोआप डिप्लॉय करणाऱ्या साखळीत) डिप्लॉयच्या लगेच पुढच्या पायरीला लावा, आणि प्रॉक्सीच्या कॉन्फिगला कुणी हात लावला की तीच स्क्रिप्ट पुन्हा चालू द्या, कोड बदललेला नसला तरी.